बुबुळातला बहुरूपी

‘बुबुळ’ हा शब्द मराठीत दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि विषयात शिरण्यापूर्वी हा घोळ मिटवलेला बरा. नेत्रदानाच्या संदर्भात ज्याला ‘बुबुळरोपण’ म्हणतात, त्यात प्रत्यक्षात डोळ्याच्या अगदी पुढचे, घड्याळाच्या काचेसारखे पारदर्शक आवरण, म्हणजे पारपटल, बदलले जाते. शालेय पाठ्यपुस्तके मात्र त्या काचेच्या मागे दिसणाऱ्या रंगीत, गोल पडद्याला बुबुळ म्हणतात, आणि येथे हाच दुसरा अर्थ अभिप्रेत आहे. एखाद्याचे डोळे काळेभोर, पिंगट किंवा घारे आहेत असे म्हणताना जो रंग डोळ्यांसमोर असतो, तो याच पडद्याचा. त्याचा व्यास सुमारे १२ मिलिमीटर आणि जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. मधोमध असलेले त्याचे भोक म्हणजे बाहुली, आणि उजेडात ती आकसावी, अंधारात रुंदावी यासाठी या पातळ पडद्यात दोन स्वतंत्र स्नायू विणलेले असतात. पृष्ठभाग दिसतो तितका सपाट नसतो. त्यावर वळ्या, खाचा आणि खळगे असतात, आणि आतले ऊतक स्पंजासारखे सैल असल्यामुळे बाहेरून आलेल्या पेशींना त्यात सहज ठाण मांडता येते.

हा पडदा म्हणजे डोळ्याच्या भिंतीतल्या मधल्या, रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेल्या थराचे पुढचे टोक होय. बुबुळाच्या मागे कड्यासारखी सिलिअरी बॉडी असते, जिच्यातून डोळ्यातले पाणी पाझरते, आणि तिच्याही मागे दृष्टिपटलाच्या बाहेरच्या थरांना रक्त पुरवणारे रंजितपटल असते. या तिन्ही भागांना मिळून ‘युव्हिया’ म्हणतात. या शब्दाचे मूळ द्राक्षासाठी असलेल्या लॅटिन शब्दात आहे, कारण डोळ्याचे पांढरे आवरण सोलून काढले की आतला थर देठ उपटलेल्या काळ्या द्राक्षासारखा दिसतो, आणि देठाच्या जागी राहिलेले भोक म्हणजे बाहुली. युव्हियाला सूज आली की तिला ‘युव्हायटिस’ म्हणतात. डोळा लाल होणे, उजेड सहन न होणे, दुखणे आणि धूसर दिसणे ही तिची नेहमीची लक्षणे. बुबुळाच्या लिम्फोमाची कथा या सुजेला वगळून सांगताच येत नाही, कारण हा कर्करोग बहुतेक वेळा तिच्याच वेषात डॉक्टरांसमोर येतो.

लिम्फोमा हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींचा कर्करोग आहे. या पेशी म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीचे शिपाई, आणि त्यांच्या छावण्या म्हणजे मान, काख, जांघ, छाती व पोट येथल्या लसीकाग्रंथी. पायाला जखम चिघळली की जांघेत जी दुखरी गाठ उठते आणि जिला घरोघरी ‘अवधाण’ म्हणतात, ती अशीच कामाला लागलेली लसीकाग्रंथी असते. जखम बरी झाली की अवधाण बसते, कारण कामापुरत्या वाढलेल्या पेशी काम संपल्यावर मरून जातात. लिम्फोमात एखाद्या लिम्फोसाइटच्या जनुकांत असे बिघाड साठत जातात की तिची वाढ थांबत नाही आणि तिच्यापासून झालेल्या, एकाच साच्याच्या असंख्य पेशी ग्रंथींत, प्लीहेत, अस्थिमज्जेत किंवा इतर अवयवांत साचू लागतात. १८३२ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधील टॉमस हॉजकिन यांनी ग्रंथी आणि प्लीहा वाढलेल्या काही रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा प्रकार वेगळा ठेवून उरलेल्या सगळ्या लिम्फोमांना ‘नॉन-हॉजकिन’ म्हणण्याची पद्धत पुढे रूढ झाली. डोळ्यात आढळणारे लिम्फोमा जवळजवळ सगळे या दुसऱ्या गटातले असतात. लिम्फोसाइटच्या बी आणि टी अशा दोन मुख्य जाती असून बहुतेक लिम्फोमा बी पेशींचे असतात, आणि त्यांतला सर्वाधिक आढळणारा वेगवान प्रकार ‘डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा’ या नावाने ओळखला जातो.

येथे एक कोडे उभे राहते. डोळ्याच्या गोलाच्या आत लसीकाग्रंथी नाहीत आणि निरोगी बुबुळात लिम्फोसाइट पेशी शोधूनच सापडतात. किंबहुना प्रतिकारयंत्रणेची वर्दळ जेथे शरीराने मुद्दाम कमी ठेवली आहे अशा मोजक्या जागांत डोळा मोडतो. पीटर मेडावार यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सशाच्या डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात ठेवलेली परक्या सशाची त्वचा, इतरत्र ती हमखास नाकारली जात असताना, तेथे टिकून राहिल्याचे दाखवले होते. दृष्टीचे यंत्र इतके नाजूक आहे की तेथे जंतूंशी दणक्यात लढाई झाली तर जंतूंबरोबर डोळाही जाईल, म्हणून शरीराने केलेली ही सोय. अशा जागी लिम्फोसाइटचा कर्करोग यावा कोठून? बहुतेक रुग्णांत याचे उत्तर रक्तवाहिन्यांत असते. बुबुळाच्या मुळाशी धमन्यांचे एक पूर्ण कडे असते. शरीरात इतरत्र असलेल्या लिम्फोमाच्या पेशी रक्ताबरोबर तेथवर येतात आणि सैल ऊतकात रुजतात. यालाच दुय्यम लिम्फोमा म्हणतात. रोग केवळ बुबुळातच सुरू झाला आहे, शरीरात अन्यत्र कोठेही नाही, असे प्राथमिक लिम्फोमाचे रुग्ण जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत बहुधा एकेकट्याने नोंदले गेले आहेत.

‘डोळ्याचा लिम्फोमा’ ही संज्ञा ढोबळ आहे, कारण तिच्या पोटात एकमेकांशी फारसे न जुळणारे आजार येतात. त्यांत सर्वांत अधिक आढळतात ते डोळ्याच्या गोलाबाहेरचे, म्हणजे पापणीखालच्या पातळ आवरणातले, अश्रुग्रंथीतले किंवा खोबणीतले लिम्फोमा. ते सहसा संथ असतात आणि बुबुळाबाहेरील पांढऱ्या भागावर गुलाबी-केशरी, मऊ चकत्यासारखे दिसतात. गोलाच्या आत, दृष्टिपटल आणि त्यापुढच्या जेलीसारख्या काचरसात होणारा लिम्फोमा उलट अत्यंत आक्रमक असतो आणि त्याचे मेंदूशी सख्य असते. अशा रुग्णांपैकी बहुसंख्यांना पुढेमागे मेंदूतही तोच रोग होतो. रंजितपटलातला लिम्फोमा पुन्हा संथ जातीचा. बुबुळातला मात्र कोणत्याच एका घराण्याचा नसतो: तो शरीरातल्या बी पेशींच्या लिम्फोमाचा फाटा असू शकतो, मागच्या काचरसातून पुढे आलेला असू शकतो, आणि एरवी दुर्मीळ असलेले टी पेशींचे लिम्फोमाही येथे तुलनेने अधिक वेळा आढळलेले आहेत. त्याच्या विरळपणाची कल्पना फिलाडेल्फियाच्या विल्स आय हॉस्पिटलमधून प्रसिद्ध झालेल्या दोन लेखांवरून येते. डोळ्यांच्या गाठींसाठी जगभरातून रुग्ण जेथे जातात, त्या या रुग्णालयातील डॉक्टरांनी २०१२ साली बुबुळाच्या तब्बल ३,६८० गाठींचा आढावा घेतला, ज्यात निरुपद्रवी तीळ, पाण्याच्या पुटी आणि मेलॅनोमा यांचाच मोठा भरणा होता. त्याच विभागाने २०१३ साली बुबुळाच्या लिम्फोमावर स्वतंत्र लेख लिहिला तेव्हा हाती असलेले रुग्ण होते १३.

रोग दिसतो कसा, हे या विषयातले सर्वांत गुंतागुंतीचे प्रकरण आहे, कारण तो एकाच रूपात दिसत नाही. कधी बुबुळावर फिकट पांढरट किंवा गुलाबीसर, मांसल उंचवटा येतो आणि त्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या पसरतात. कधी गाठ अशी नसतेच. पेशी संपूर्ण पडद्यात पसरतात, तो सुजल्यासारखा जाड होतो, त्यावरच्या वळ्या आणि खळगे बुजतात आणि दोन डोळ्यांच्या रंगात फरक पडतो, तो बहुधा आरशासमोर उभ्या रुग्णाला नव्हे तर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी प्रथम जाणवतो. घाऱ्या डोळ्यात नवी रक्तवाहिनी चटकन उठून दिसते. आपल्याकडच्या गडद तपकिरी बुबुळात तीच रक्तवाहिनी रंगद्रव्याच्या आड दडते, म्हणून पाश्चात्त्य पुस्तकांतली छायाचित्रे पाहून शिकलेल्या नजरेला इथे थोडे अधिक सावध राहावे लागते. बुबुळातून सुटलेल्या पेशी पुढच्या कप्प्यातल्या पाण्यात तरंगतात, पारपटलाच्या मागच्या बाजूला ठिपक्यांसारख्या चिकटतात, किंवा पाण्याच्या तळाशी गोळा होऊन पांढरा थर धरतात. हा थर पुवासारखा दिसतो, पण तो पू नसून कर्कपेशींचा गाळ असतो, आणि रुग्ण कुशीवर वळला की गाळही सरकतो. सरकणारा थर इतर काही सुजांतही दिसत असल्यामुळे एवढ्यावरून निदान ठरत नाही. काहींच्या डोळ्यात मार न लागता रक्त उतरते. पेशींनी पाणी निचरा होण्याची वाट अडवली तर डोळ्यातला दाब, जो सर्वसाधारणपणे पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांमध्ये असतो, झपाट्याने चढतो आणि डोळा ठणकू लागतो. मग रुग्णाच्या कागदावर पहिल्यांदा ‘काचबिंदू’ लिहिले जाते.

नेत्रवैद्यकात अशा रोगांसाठी ‘मास्करेड सिंड्रोम’ ही संज्ञा आहे. फ्रेडरिक थिओडोर यांनी १९६७ साली ती वापरली तेव्हा त्यांच्यासमोर वेगळाच आजार होता: बरेच दिवस डोळे आल्यासारखे भासणारे, पण प्रत्यक्षात कर्करोग असलेले पापणीआतले आवरण. पुढे साध्या सुजेचे सोंग घेणाऱ्या सगळ्याच गाठींना हे नाव लागू झाले. मराठीत त्याला बहुरूपी म्हणणे सोपे आणि बरोबरही आहे, कारण दारात पोलिसाच्या वेषात उभा राहिलेला बहुरूपी जसा शिट्टी, काठी आणि दरडावणीसकट हुबेहूब असतो, तसा हा रोगही लाली, ठिपके, गाळ आणि दुखणे असा युव्हायटिसचा सगळा सरंजाम घेऊन येतो.

सोंग टिकून राहण्याचे खरे कारण मात्र औषधात आहे. युव्हायटिसवर पहिला इलाज म्हणजे प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडचे थेंब. स्टेरॉइड सूज कमी करते ते अनेक मार्गांनी, आणि त्यांतला एक मार्ग म्हणजे ते लिम्फोसाइट पेशींना स्वतःहून मरण्याचा आदेश देते. तो आदेश निरोगी आणि कर्करोगी लिम्फोसाइट असा भेद करत नाही. त्यामुळे थेंब सुरू केल्यावर लिम्फोमाचा डोळाही निवळतो, गाळ ओसरतो, लाली जाते, रुग्णाला बरे वाटते आणि डॉक्टरांना आपले निदान बरोबर ठरल्यासारखे वाटते. लिम्फोमावर दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या औषधसंचात प्रेडनिसोलोनच्याच गोळ्या असतात, हे लक्षात घेतले तर यातली विसंगती अधिकच टोचते: रुग्णाला नकळत योग्य उपचाराचा एक क्षीण हप्ता मिळत असतो, आणि तो पुरेसा नसला तरी फसवण्यास पुरेसा असतो. थेंबांची संख्या कमी केली की काही आठवड्यांत सगळे परत येते, पुन्हा थेंब वाढतात, पुन्हा डोळा निवळतो. या फेऱ्यांत महिने जातात, आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्याचा भुर्दंड म्हणून मोतीबिंदू किंवा वाढलेला दाब तेवढा पदरात पडतो. चिठ्ठीशिवाय औषधाच्या दुकानातून मिळणारी स्टेरॉइडची बाटली हे चक्र आणखी लांबवते, कारण मधल्या प्रत्येक चढउताराची नोंद ठेवणारा कोणी उरत नाही.

भारतात या गोंधळात क्षयाची भर पडते. येथे युव्हायटिसचे एक महत्त्वाचे कारण क्षय आहे. क्षयाच्या सुजेतही बुबुळावर बारीक गाठी येतात, बाहुलीच्या काठावर असल्या तर त्यांना कोपे यांच्या आणि पडद्याच्या पृष्ठावर असल्या तर बुसाका यांच्या नावाने ओळखतात, आणि लिम्फोमाच्या गाठी त्यांच्यासारख्या दिसू शकतात. अशा वेळी मांटू चाचणी केली जाते, पण लहानपणीच क्षयाच्या जंतूंचा स्पर्श झालेले, तरी आजारी नसलेले असंख्य लोक या देशात आहेत आणि त्यांच्या हातावर ती चाचणी उठणारच. मग क्षयाची औषधे सुरू होतात, आणि डोळ्यातली सूज भडकू नये म्हणून त्यांच्या जोडीला स्टेरॉइडही असते. डोळा सुधारतो, सुधारणेचे श्रेय क्षयाच्या गोळ्यांना जाते, काम मात्र स्टेरॉइडने केलेले असते. यात कोणा डॉक्टरच्या हलगर्जीपणाचा प्रश्न नाही. ज्या देशात क्षयाचा युव्हायटिस नित्य दिसतो आणि बुबुळाचा लिम्फोमा एखाद्या नेत्रतज्ज्ञाला संपूर्ण कारकिर्दीत एकदाही दिसणार नाही, तेथे प्रथम क्षयाचा विचार करणे हेच योग्य आहे. चूक होते ती नंतर, म्हणजे ठरलेल्या मुदतीत रोग ठरल्यासारखा वागत नसतानाही पहिले निदान कागदावरून हलत नाही तेव्हा. पन्नाशी ओलांडल्यानंतर आयुष्यात पहिल्यांदाच आलेला युव्हायटिस, थेंब कमी करताच उलटणारी सूज, पूर्वी होऊन गेलेला लिम्फोमा किंवा रक्ताचा कर्करोग, कारण नसताना घटलेले वजन, संध्याकाळचा ताप आणि अंथरूण भिजवणारा रात्रीचा घाम यांपैकी एखादी गोष्ट समोर आली की शंका घेण्याची वेळ झालेली असते. त्यातही ताप, घाम आणि वजन घटणे ही तिन्ही क्षयाचीही लक्षणे आहेत, हा बहुरूप्याचा आणखी एक डाव.

या रोगाने केवळ दवाखान्यालाच नव्हे तर सूक्ष्मदर्शकालाही दीर्घकाळ चकवले आहे. कूपर आणि रायकर यांनी १९५१ साली युव्हियाच्या घातक लिम्फोमाचे वर्णन केले, परंतु त्यानंतर कित्येक वर्षे डोळ्यातल्या अशा गाठींना ‘रेटिक्युलम सेल सार्कोमा’ असे नाव दिले जात होते, कारण मोठ्या, बेढब पेशी लिम्फोसाइटच्या कुळातल्या असतील असे त्यांच्याकडे पाहून वाटत नसे. पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिने ओळखता येऊ लागल्यावर त्या बहुतांशी बी लिम्फोसाइट असल्याचे उघड झाले आणि जुने नाव मागे पडले.

तपासणीची सुरुवात होते ती हनुवटी टेकवून आणि कपाळ पट्टीला लावून ज्या यंत्रासमोर बसावे लागते, त्या स्लिट लॅम्पने. प्रकाशाची उभी, सुरीसारखी पातळ चीर डोळ्यावर टाकून तो थराथराने पाहण्याची ही युक्ती स्वीडनच्या अल्वार गुलस्ट्रँड यांनी १९११ साली मांडली, आणि त्याच वर्षी डोळ्यातील प्रकाशाच्या वक्रीभवनावरील कामासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अंधाऱ्या खोलीत ही चीर पुढच्या कप्प्यातून जाते तेव्हा तरंगणाऱ्या पेशी उन्हाच्या कवडशातल्या धुळीसारख्या चमकतात. बुबुळाच्या मागची बाजू आणि सिलिअरी बॉडी मात्र या प्रकाशाला दिसत नाही. तेथे उच्च कंप्रतेच्या, सुमारे ५० मेगाहर्ट्झच्या ध्वनिलहरी वापरणारी सूक्ष्म सोनोग्राफी उपयोगी पडते. गाठ किती खोल गेली आहे, ती भरीव आहे की पाण्याची पुटी, हे तिने कळते. गाठ कशाची आहे, हे मात्र कोणतेही चित्र सांगत नाही. त्यासाठी पेशीच हाती याव्या लागतात.

त्या मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पुढच्या कप्प्यातले पाणी काढणे. या कप्प्यात सगळे मिळून पाव मिलिलिटर पाणी असते, म्हणजे चहाच्या चमच्याचा विसावा भाग. डोळा थेंबांनी बधिर करून, पापण्या तारेच्या चिमट्याने उघड्या ठेवून, अतिशय बारीक सुई पारपटलाच्या कडेने बुबुळाला समांतर आत सरकवली जाते. सुईचे टोक खाली झुकले तर बुबुळाला आणि मागे झुकले तर भिंगाला इजा होऊ शकते, म्हणून डॉक्टरांचा हात रुग्णाच्या गालाच्या हाडावर टेकलेला असतो. एक-दोन थेंब सिरिंजमध्ये येताच सुई बाहेर काढली जाते, आणि डोळा काही तासांत ते पाणी पुन्हा भरून काढतो. नुसत्या पाण्यात पुरेशा पेशी मिळाल्या नाहीत तर सुईने गाठीतूनच पेशी ओढून घ्याव्या लागतात किंवा बुबुळाचा बारीकसा तुकडा काढावा लागतो. परिस्थिती परवानगी देत असेल तर हे करण्याआधी काही काळ स्टेरॉइड थांबवतात, नाही तर सुईत येतात त्या मेलेल्या पेशींची टरफले.

यानंतरची घाई प्रयोगशाळेची. लिम्फोमाच्या पेशी आकाराने मोठ्या पण कमालीच्या ठिसूळ असतात. केंद्रक पेशी व्यापून टाकते, त्याभोवती पेशीद्रव्याची जेमतेम किनार उरते, आणि शरीराबाहेर पडताच त्या फुटू लागतात. म्हणून नमुना कोणी, किती वाजता, कोणत्या द्रावात घालून कोणाच्या हातात द्यायचा, हे शस्त्रक्रियागृहात जाण्याआधीच ठरवलेले असते. थेंबभर पाण्याची वाटणीही विचारपूर्वक होते. काही भाग रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला जातो. काहीवर पृष्ठप्रथिनांची ओळखपरेड होते, ज्यात सीडी२० आढळले तर पेशी बी कुळातली आणि सीडी३ आढळले तर टी कुळातली ठरते. आणि उरलेल्या भागात सगळ्या पेशी एकाच पूर्वजापासून झाल्या आहेत का, हे जनुकांवरून तपासले जाते, कारण सुजेत नाना वंशांच्या पेशी जमतात तर कर्करोगात एकाच वंशाच्या. बी पेशींचे लिम्फोमा इंटरल्युकिन-१० नावाचे रसायन अधिक सोडतात आणि साध्या सुजेत इंटरल्युकिन-६ अधिक असते, त्यामुळे दोघांचे गुणोत्तरही इशारा देते. अलीकडच्या काळात एमवायडी८८ या जनुकातला एक ठरावीक बदल शोधण्याची चाचणी उपलब्ध झाली असून काचरस आणि दृष्टिपटलाच्या लिम्फोमात तो बहुसंख्य रुग्णांत सापडतो.

निदान पक्के झाले की डोळ्याचा प्रश्न संपूर्ण शरीराचा होतो. मानेपासून जांघेपर्यंत पेट-सीटी, मेंदूचा एमआरआय, पाठीच्या कण्यातले पाणी, अस्थिमज्जा, रक्तातील एलडीएच आणि एचआयव्हीची चाचणी असा तपास होतो, कारण बुबुळ ही बहुधा रोगाची शाखा असते आणि मुख्य ठाणे दुसरीकडे. पूर्वी लिम्फोमा होऊन बरा झालेल्या रुग्णात डोळा हा रोग परतल्याचा पहिला निरोप असू शकतो. लहान मुलांतल्या रक्ताच्या कर्करोगातही असे घडते. उपचार पूर्ण झाल्यावर काही महिन्यांनी डोळ्यात पांढरा थर दिसला, तर बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ दोघांनाही अस्थिमज्जा पुन्हा तपासावीशी वाटते.

उपचार रोगाच्या विस्तारावर ठरतो. केवळ बुबुळातच रोग असल्यास किरणोपचार पुरेसा ठरू शकतो. वेगवान प्रकारात साधारण ३० ते ४० ग्रे इतकी मात्रा लहान लहान हप्त्यांत काही आठवड्यांत दिली जाते, आणि लिम्फोमाच्या पेशी किरणांना चटकन शरण जात असल्यामुळे गाठ बघताबघता विरघळते. शरीरात इतरत्र रोग असेल तर शिरेतून औषधे द्यावी लागतात, आणि बी पेशींच्या वेगवान लिम्फोमात ‘आर-चॉप’ नावाचा पाच औषधांचा संच दर २१ दिवसांनी, साधारणपणे सहा वेळा दिला जातो. त्यातले ‘आर’ म्हणजे रिटुक्सिमॅब, सीडी२० या खुणेला नेमकी चिकटणारी प्रतिपिंड, जिला अमेरिकेत १९९७ साली मान्यता मिळाली, आणि हैदराबादच्या डॉ. रेड्डीज लॅबोरेटरीज या कंपनीने २००७ साली तिची भारतीय आवृत्ती रेडिटक्स नावाने बाजारात आणली.

संचातले व्हिन्क्रिस्टीन मात्र मराठी माणसाच्या चांगल्या ओळखीच्या झाडातून येते. अंगणात, कुंडीत, देवळाच्या आवारात बारमाही फुलणारी सदाफुली मूळची मादागास्करची. तिची पाने मधुमेहावर चघळण्याची प्रथा महाराष्ट्रात आहे तशी दूर जमैकातही होती, आणि तेथून आलेली पाने कॅनडात तपासताना रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांच्या लक्षात आले की उंदरांच्या रक्तातली साखर हलत नाही, पांढऱ्या पेशी मात्र घटतात. त्यातून १९५८ साली व्हिन्ब्लास्टीन हाती आले आणि पाठोपाठ, अमेरिकेतल्या एली लिली कंपनीच्या प्रयोगशाळेतून, व्हिन्क्रिस्टीन. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे धागेच हे औषध बनू देत नाही. हातापायांची बोटे बधिर होणे हा त्याचा ठरलेला त्रास आहे. पानांतले त्याचे प्रमाण इतके अल्प आणि अनिश्चित असते की सदाफुली चघळून कर्करोगावर इलाज होत नाही. पोटात जाते ते केवळ विष.

रोग काचरसातही असेल तर शिरेतले औषध तेथे पुरेसे पोचत नाही, म्हणून मेथोट्रेक्सेटचे इंजेक्शन थेट डोळ्यात देतात. मात्रा ०.१ मिलिलिटरमध्ये ४०० मायक्रोग्रॅम. पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा, पुढचे दोन महिने आठवड्यातून एकदा आणि मग नऊ महिने दरमहा, अशी एका वर्षात २५ इंजेक्शने होतात. फॉलिक आम्लाची नक्कल करून पेशींना उपाशी मारणाऱ्या या औषधकुळाच्या मुळाशी अमेरिकेत लेडर्ली कंपनीत काम करणारे, भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचे संशोधन आहे. महाराष्ट्रात शिधापत्रिकाधारकांना महात्मा फुले जन आरोग्य योजनेखाली कर्करोगाच्या केमोथेरपीसाठी आणि किरणोपचारांसाठी मदत मिळते. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय तर १९४१ पासून अशा रुग्णांचे ठिकाण आहे. अडचण पैशाची असते त्याहून अधिक वेळा वेळेची असते, कारण तेथवर पोचण्याआधी रुग्ण थेंबांच्या फेऱ्यांत अडकलेला असतो.

एका गटात मात्र उपचाराची दिशा अगदी उलटी असते. मूत्रपिंड, यकृत किंवा हृदय यांचे रोपण झालेल्या मुलांना नवा अवयव नाकारला जाऊ नये म्हणून प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे दिली जातात. पहारा असा सैल झाला की एपस्टाइन-बार विषाणूने पछाडलेल्या बी पेशी मोकाट वाढू शकतात, आणि या वाढीने डोळा गाठला तर ती बुबुळावरच्या फिकट गाठींच्या रूपात दिसते. तेथे पहिला उपाय विष देण्याचा नसून दडपणारे औषध कमी करण्याचा असतो. मुलाची स्वतःची प्रतिकारशक्ती थोडी जागी झाली की कित्येकदा गाठी आपोआप मावळतात. अर्थात औषध किती कमी करायचे, याचा तोल रोपण केलेल्या अवयवाकडे एक डोळा ठेवूनच सांभाळावा लागतो.

पुढे काय होईल, हे बुबुळापेक्षा शरीरातल्या रोगावर अवलंबून असते. डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमाचे सुमारे ६० टक्के रुग्ण आर-चॉपने कायमचे बरे होतात, परंतु डोळा किंवा मेंदू गाठलेल्या रोगात हे प्रमाण कमी असते, आणि टी पेशींचे लिम्फोमा उपचारांना कमी दाद देतात. डोळ्यापुरते बोलायचे तर बुबुळातली गाठ गेल्यावर दृष्टी पुष्कळदा टिकते. किरणोपचारानंतर मोतीबिंदू होऊ शकतो आणि डोळे कोरडे पडतात, पण त्यांवर इलाज आहेत. पडदा मात्र पूर्ववत होत नाही. पेशींनी जागा व्यापली होती तेथले ऊतक झिजते, रंग उडतो, स्नायूचा तेवढा भाग निकामी झाल्याने बाहुली एका बाजूला किंचित ओढल्यासारखी राहते, आणि स्लिट लॅम्पचा प्रकाश बाहुलीतून आत सोडून पाहिले की झिजलेल्या जागेतून तो तांबूस होऊन, विरलेल्या कापडातून दिवा दिसावा तसा, बाहेर येतो.